पटकथा लिहिताय? निर्मात्याच्या आधी वाचक शोधा

निर्मात्यांना आणि दिग्दर्शकांना पाठवलेल्या संदेशांची एक जुनी यादी मी जपून ठेवली आहे. दोन वर्षांत चौसष्ट नावं. फेसबुक, इन्स्टाग्राम, लिंक्डइन, जिथे जो सापडला तिथे त्याला लिहिलं होतं. सहा जणांचं उत्तर आलं, भेट एकाचीही झाली नाही. त्याच काळात एका फेसबुक गटात नागपूरच्या एका मुलाने विचारलं होतं, ‘बावीस पानांची लघुपटाची पटकथा आहे, कुणी वाचेल का?’ मी ती रात्री बसून वाचली आणि दीड पान टिपण त्याला पाठवलं. पुढे तो मुंबईत एका मालिकेच्या लेखन विभागात साहाय्यक म्हणून लागला. तिथले संवादलेखक आजारी पडले तेव्हा त्याने माझं नाव सुचवलं, आणि पैसे मिळालेलं माझं पहिलं काम ते ठरलं.

त्या यादीतले चौसष्ट जण माझ्यापेक्षा खूप वर होते. हा मुलगा माझ्या शेजारी उभा होता. ऑनलाइन जगात पटकथालेखकाची खरी ओळख अशी शेजारी होते, दुसऱ्याची पानं वाचताना होते, हे माझं ठाम मत आहे. पुढे जे लिहिलंय ते त्या मताच्या आधारावर. मी मराठी मालिका आणि सिनेमा या क्षेत्रात लिहितो, त्यामुळे उदाहरणंही इथलीच आहेत.

पायरी १ : हातात काय असावं

कुठल्याही गटात शिरण्याआधी दोन गोष्टी पूर्ण लिहून ठेवा. एक, दहा ते पंधरा पानांची लघुपटाची पटकथा. दोन, मोठ्या सिनेमाची पूर्ण पटकथा किंवा मालिकेचा पहिला भाग आणि पुढच्या भागांची वन-लाइन, म्हणजे प्रत्येक भागात काय घडतं त्याचा थोडक्यात आराखडा. ‘डोक्यात आहे’ हे उत्तर चालत नाही. मुंबईत नॅरेशनची परंपरा जुनी आहे, लोक तोंडी गोष्ट ऐकतात आणि त्यावर होकारही देतात. पण ऑनलाइन ओळख कागदावर होते. कुणी ‘पाठव’ म्हटलं तर त्याच दिवशी पाठवता आलं पाहिजे.

लघुपट अशासाठी की अनोळखी माणसाकडे शंभर पानं वाचायला वेळ नसतो, बारा पानांना असतो. माझी मोठी पटकथा ज्यांनी वाचली, त्यांतल्या बहुतेकांनी आधी माझा लघुपट वाचला होता.

दोन्हींसाठी एका वाक्याची लॉगलाइन हवी. पात्र, त्याला काय हवं आहे, आड काय येतं, एवढं तिच्यात दिसावं. समजा, असं लिहिलं: ‘साखर कारखान्यातल्या राजकारणावर भेदक भाष्य करणारी कथा.’ यात गोष्टच नाही. आता हे पाहा: ‘कारखान्यात काटामारी कशी चालते हे तीस वर्षं पाहिलेला निवृत्त काटा-कारकून, मुलगा संचालकपदाच्या निवडणुकीला उभा असताना, शेतकऱ्यांच्या बाजूने साक्ष द्यायचं ठरवतो.’ बाप, मुलगा, ऊस आणि अडचण, सगळं एका वाक्यात आलं. हे वाचून कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस तुम्हाला लगेच प्रश्न विचारेल. तो प्रश्न म्हणजेच संवादाची सुरुवात.

फाइलबद्दल एक तांत्रिक गोष्ट. पटकथेच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जोडाक्षरं फुटतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तर समोरच्याकडे निव्वळ चिन्हांची रांग म्हणून उघडते. नेहमी युनिकोडमध्ये लिहा, पीडीएफ करा आणि पाठवण्याआधी ती मित्राच्या फोनवर उघडून बघा. पानांना क्रमांक हवेतच, नाहीतर टिपण देणाऱ्याने कशावर बोट ठेवायचं?

पायरी २ : नोंदणी, आणि चोरीची भीती

नवा लेखक गटात येतो तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न चोरीचा असतो. तो रास्त आहे, पण त्यावर उपायही आहे.

मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन, म्हणजे पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन, ही लेखकांची नोंदणीकृत कामगार संघटना आहे. नावावर अजून एकही काम नसलेल्या लेखकालाही तिचं प्राथमिक स्वरूपाचं सदस्यत्व मिळू शकतं. सदस्य झालात की कथा, सिनॉप्सिस (कथेचा सारांश), पटकथा, गाणी यांची नोंदणी घरबसल्या ऑनलाइन करता येते. अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता, याचा तो पुरावा असतो. सरकारी कॉपीराइट कार्यालयातही नोंदणी होते, तिला वेळ जास्त लागतो. आपल्याकडे कॉपीराइट लिहिण्यानेच निर्माण होतो. नोंदणी तो हक्क निर्माण करत नाही, सिद्ध करायला मदत करते.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती कशी मांडली आहे त्यावर असतो. एका नाटककाराने एका हिंदी सिनेमाच्या निर्मात्यांवर केलेल्या दाव्यात, आर. जी. आनंद खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच तत्त्व स्पष्ट केलं आणि निकाल नाटककाराच्या विरोधात गेला. त्यामुळे गटात ‘माझ्याकडे अशी एक कल्पना आहे’ अशी पोस्ट टाकून तीनशे लोकांपुढे ती उलगडू नका. ती पटकथेच्या रूपात, प्रसंग आणि पात्रांसह लिहा, नोंदवा, मग दाखवा. एवढं केल्यावर पुढचं भय बाजूला ठेवा. कुणालाच काही न दाखवणाऱ्या लेखकाची चोरी होत नाही, आणि त्याला कामही मिळत नाही.

पायरी ३ : कुठे जायचं

सगळीकडे खातं उघडू नका. दोन जागा पुरतात: एक मराठी-हिंदी कामाची, दुसरी शिकण्याची.

कामाच्या दृष्टीने स्क्रीनरायटर्स असोसिएशनची सत्रं, कार्यशाळा आणि चर्चा सर्वांत उपयोगी, कारण तिथे येणारा माणूस लेखक आहे हे आधीच ठरलेलं असतं. पुणे, कोल्हापूर, नाशिक, नागपूर इथल्या लघुपट करणाऱ्यांचे व्हॉट्सअॅप आणि फेसबुक गट असतात. त्यांत गोंगाट खूप, पण शूटिंग करणारी मंडळीही तिथेच सापडतात. आणि एकांकिका स्पर्धांचं जाळं विसरू नका. पुरुषोत्तम करंडक किंवा फिरोदिया करंडक केलेली मुलं पुढे लेखन, दिग्दर्शन, अभिनय असं सगळीकडे पसरतात आणि त्यांचे जुने गट वर्षानुवर्षं जिवंत राहतात. तुम्ही कॉलेजात एकांकिका केली असेल, तर तुमचं पहिलं व्यावसायिक वर्तुळ तुमच्या फोनमध्येच आहे.

लिंक्डइनवर निर्मात्यापेक्षा ‘क्रिएटिव्ह प्रोड्यूसर’, ‘असोसिएट क्रिएटिव्ह’, ‘डेव्हलपमेंट’ अशी पदं असलेली माणसं बघा. पटकथा वाचणं ही त्यांची नोकरीच असते. आज जी मुलगी वाहिनीच्या कार्यालयात कनिष्ठ क्रिएटिव्ह आहे, ती पाच-सात वर्षांनी निर्णय घेणाऱ्या खुर्चीत बसलेली असू शकते.

शिकण्यासाठी इंग्रजीतले गट चांगले आहेत. रेडिटवरच्या पटकथालेखनाच्या गटात सोमवारी लॉगलाइन आणि गुरुवारी पाच पानं तपासून घ्यायची पद्धत आहे. अनोळखी माणसं तिथे फार स्पष्ट बोलतात, आणि ते ऐकण्यासारखं असतं. स्टेज ३२ हे २०११ पासून चालणारं जाळं सिनेमातल्या लोकांसाठीच काढलेलं आहे. तिथलं साधं सदस्यत्व फुकट असलं तरी पिच सत्रांना, म्हणजे निर्मात्यांपुढे गोष्ट मांडायच्या सत्रांना, पैसे पडतात. अमेरिकेतली ब्लॅक लिस्ट २००५ पासून अजून न बनलेल्या पटकथांची वार्षिक यादी काढते आणि २०१२ पासून तिच्या संकेतस्थळावर शुल्क घेऊन पटकथा वाचून दिली जाते. तुम्ही मराठीत लिहीत असाल तर तिथे पैसे घालण्याची घाई करू नका, असं मी सांगेन. तो बाजार इंग्रजी पटकथांचा आहे.

आणखी एक. व्यासपीठं बंद पडतात. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, चित्रपट महोत्सवांना प्रवेशिका पाठवायचं विदाउटअबॉक्स २०१९ मध्ये गेलं, पटकथालेखकांचं कव्हरफ्लाय २०२५ मध्ये बंद झालं. म्हणून ज्याच्याशी चार वेळा बोलणं झालं, त्याचा ईमेल पत्ता मागून घ्या.

पायरी ४ : पहिले सहा आठवडे फक्त वाचा

गटात शिरल्याबरोबर स्वतःचं काही टाकू नका. कोण काय लिहितो, कोण कामाचं बोलतो, कोण फक्त प्रेरणादायी वाक्यं टाकतो, ते बघा. एका वहीत पाच-सहा नावं उतरवा: ज्यांच्या लॉगलाइन वाचून तुम्हाला पुढचं जाणून घ्यावंसं वाटलं. ही तुमची माणसं.

मग त्यांची पानं वाचायला मागा. इथे सर्वांत जास्त मेहनत घ्या, कारण टिपण कसं देता यावरून समोरच्याला तुमची लेखक म्हणून पारख होते. ‘मस्त झालंय, फक्त पेसिंग थोडं बघ’ हे टिपण नाही. ते शंभर पटकथांना तसंच्या तसं चिकटवता येतं.

मी त्या नागपूरच्या मुलाला काय लिहिलं होतं, त्याचा एक तुकडा देतो. गोष्ट आजीचं घर विकण्याची होती. ‘पान ७ वर धाकटा भाऊ व्यवहाराचा कागद वाचून चकित होतो. पण पान ३ वर तो एजंटशी फोनवर बोलताना रक्कम त्याला ठाऊक आहे असं मला वाटलं होतं. तो नाटक करतोय, की पान ३ वर मी चुकीचं समजलो? तो नाटक करत असेल तर पान ९ वरचं आजीचं वाक्य फार जबर होतं, कारण तिला ते कळलंय.’

यात मी काही ‘सुधारून’ दिलं नाही. मला काय समजलं ते पानासकट सांगितलं, एक प्रश्न विचारला आणि त्याच्याच लिखाणातली एक शक्यता दाखवली. माझी गोष्ट त्याच्यावर लादली नाही. ‘मी असतो तर आजीला मारलं असतं’ असं लिहिणारे खूप असतात, त्यांना दुसऱ्यांदा कुणी पान पाठवत नाही.

टिपण देण्याआधी एकच गोष्ट विचारा: ‘कोणत्या टप्प्यावर आहेस?’ पहिल्या खर्ड्यावर संवादांची शुद्धलेखन तपासणी करणं वाया जातं, आणि चित्रीकरण आठ दिवसांवर आलेल्या माणसाला ‘मुख्य पात्रच बदल’ म्हणणं निर्दयपणाचं आहे.

पायरी ५ : वाचन मंडळ

सगळ्या लेखात मला सर्वांत जास्त भरवसा कशावर असेल तर तो यावर. त्या पाच-सहा नावांतून चार-पाच जणांचं मंडळ करा. आमचं मंडळ पाच जणांचं आहे: नागपूर, कोल्हापूर, डोंबिवली, पुणे आणि डब्लिन. डब्लिनची मैत्रीण तिथे नोकरी करते आणि मराठीत लिहिते. तिच्या वेळेसाठी आम्ही एक रविवार सोडून एक, रात्री साडेआठला बसतो, तेव्हा तिच्याकडे दुपार असते.

पद्धत अशी ठेवली आहे. पाळी ज्याची, त्याने गुरुवारपर्यंत पीडीएफ पाठवायची, तीस पानांहून जास्त नाही. रविवारी ती मोठ्याने वाचायची. पात्रं वाटून घ्यायची, कृतीच्या ओळी एकाने वाचायच्या, लेखकाने काहीच वाचायचं नाही. त्याने फक्त ऐकायचं. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी अडखळताना ऐकलं की कुठे कात्री लावायची ते कुणी सांगावं लागत नाही. घड्याळ लावून ठेवा. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट हा हिशोब इंग्रजी छापाच्या पानावरून आलेला आहे, देवनागरीत आणि आपल्या बोलण्याच्या ढंगात तो बदलतो. माझ्या बारा पानांच्या लघुपटाला वाचनात सतरा मिनिटं लागली होती.

ओळखीत नाटकातले नट असतील तर त्यांना एखाद्या वाचनाला बोलवा. त्यांनाही नवे लेखक माहीत व्हायला हवे असतात. आमच्याकडे एकदा वाचायला आलेल्या नटाने तीच पटकथा त्याच्या दिग्दर्शक मित्राला दिली. यासाठी आम्ही काही आखलं नव्हतं.

वाचनानंतर आमचे तीन प्रश्न ठरलेले आहेत. लक्ष कुठे उडालं? पुढे काय होईल असं कुठे वाटलं आणि तसं झालं का? ही गोष्ट तुमच्या मते कुणाची आहे? सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखकाने खुलासा करायचा नाही. सुरुवातीला हे फार जड जातं. मी पहिल्या दोन वेळा मध्येच बोललो आणि दोन्ही वेळा चर्चा माझ्या खुलाशाभोवती फिरत राहिली, पटकथा बाजूला पडली.

मंडळाचे नियम लेखी ठेवा. दुसऱ्याची पानं बाहेर द्यायची नाहीत, रेकॉर्डिंग परवानगीशिवाय नाही, आणि लागोपाठ तीन बैठका न आलेल्याची जागा मोकळी समजायची. दोघांनी मिळून एखादी गोष्ट लिहायची ठरवली, तर पहिल्याच आठवड्यात कथा, पटकथा, संवाद यांपैकी कोणाचं नाव कुठे, मोबदल्याची वाटणी काय आणि एकाने मध्येच सोडलं तर काय, हे एका ईमेलमध्ये लिहून दोघांनी ‘मान्य’ म्हणायचं. मैत्री असेल तर हे आधी करा.

पायरी ६ : अनुभवी माणसाला पहिला संदेश

आता तुमच्यापेक्षा दोन-चार पावलं पुढे असलेल्यांकडे वळा. अगदी शिखरावरच्या माणसाला लिहू नका. दोन मालिकांचे संवाद लिहिलेली ताई, एक सिनेमा झालेला दिग्दर्शक, साहाय्यक म्हणून पाच वर्षं काढलेला दादा, अशांना लिहा. त्यांना तुमची परिस्थिती अजून आठवत असते.

मी त्या चौसष्ट जणांना साधारण हे लिहीत होतो:

‘नमस्कार सर, मी तुमचा मोठा चाहता आहे. माझ्याकडे एक वेगळी कथा आहे. तुम्ही ऐकलीत तर नक्की आवडेल. कृपया एक संधी द्या.’

यात वाचणाऱ्यासाठी काहीच नाही. फक्त मागणी आहे, तीही तासाभराच्या वेळेची. अलीकडे मी एका ज्येष्ठ मालिकालेखिकेला लिहिलेला संदेश असा होता:

‘नमस्कार मॅडम. शनिवारच्या सत्रात तुम्ही म्हणालात की आठवड्याची वन-लाइन लिहिताना तुम्ही शनिवारचा शेवट आधी ठरवता. मी माझ्या मालिकेचे पहिले सहा भाग तसे पुन्हा मांडले, तेव्हा चौथा भाग पोकळ आहे हे लक्षात आलं. एक प्रश्न आहे: शेवट आधी ठरवल्यावर मधला भाग त्याच्याकडे ओढला जातोय असं दिसू नये म्हणून तुम्ही काय करता? दोन ओळींत सांगितलंत तरी खूप झालं.’

उत्तर त्याच रात्री आलं, दोन ओळींहून पुष्कळ लांब. कारण तिच्या बोलण्याचा मी वापर केला होता आणि प्रश्न तिच्या हातच्या कामाचा होता. यात पटकथा जोडली नव्हती, वाचायला मागितलंही नव्हतं. ते तीन-चार महिन्यांनी, दोन-तीन वेळा बोलणं झाल्यावर, तिनेच ‘काय लिहितोस?’ विचारलं तेव्हा आलं.

न मागता पटकथा जोडू नका. मोठ्या निर्मितीसंस्था आणि ओटीटी कंपन्या अशी न मागितलेली पटकथा वाचतच नाहीत. त्यांना पुढे दाव्याची भीती असते, म्हणून त्या एजंटमार्फत किंवा आधी रिलीज फॉर्मवर सही घेऊन मजकूर घेतात. तो फॉर्म सही करण्याआधी पूर्ण वाचा. तुमच्या गोष्टीशी मिळतंजुळतं काम त्यांनी केलं तरी तुम्ही दावा करणार नाही, असं कलम त्यात बहुधा असतं.

उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग थांबा. फोन नंबर कुठून तरी मिळाला म्हणून थेट कॉल करू नका. आणि संबोधन विचारपूर्वक वापरा. आपल्याकडे सर, मॅडम, दादा, ताई हे सगळं चालतं, पण पहिल्या ओळीत ‘दादा’ आणि दुसऱ्या ओळीत ‘तू’ असं झालं तर समोरचा तिथेच थांबतो.

पायरी ७ : माणूस खरा आहे का

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. मला एकदा एका ‘निर्मात्या’ने कथा फार आवडल्याचं सांगितलं, तीन आठवडे रोज बोलला आणि मग ‘पोस्टर आणि नोंदणीसाठी’ पंधरा हजार मागितले. मी दिले नाहीत, पण माझ्या ओळखीच्या एकीने दिले होते.

सरळ नियम: लेखन विकत घेणारा लेखकाकडून पैसे घेत नाही. कार्यशाळेचं शुल्क, महोत्सवाची प्रवेश फी, शुल्क घेऊन पटकथा वाचून देणारी सेवा, हे वेगळे व्यवहार आहेत आणि त्यांत कुणी सिनेमा बनवून देण्याचं आश्वासन देत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून आल्या तर दूर व्हा.

तपासायचं कसं? आयएमडीबीवर नाव बघा, पण तिथली नोंद कुणीही भरू शकतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. त्या सिनेमाच्या श्रेयनामावलीतल्या एखाद्या साहाय्यक दिग्दर्शकाला किंवा संकलकाला विचारा. कंपनी किंवा एलएलपी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची प्राथमिक माहिती मिळते. एकट्या मालकाची संस्था असेल तर ती तिथे दिसणार नाही. अशा वेळी बॅनर कोणत्या निर्मात्यांच्या संघटनेत नोंदला आहे ते विचारा. मराठीसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे, मुंबईत इम्पासारख्या संघटना आहेत. खरा निर्माता हा प्रश्न ऐकून रागावत नाही.

मुलींसाठी वेगळं सांगते असं माझ्या डोंबिवलीच्या मैत्रिणीने इथे आवर्जून लिहायला सांगितलं: पहिली भेट ऑफिसात किंवा दिवसाढवळ्या कॅफेत, मंडळातल्या एकाला ठिकाण आणि वेळ कळवून. कथा ऐकायला रात्रीच बोलावणाऱ्याला ‘व्हिडिओ कॉलवर ऐकवते’ असं सांगायचं. ती गेली आठ वर्षं हेच करते आणि त्यामुळे तिचं एकही चांगलं काम हुकलेलं नाही.

पायरी ८ : ओळखीतून कराराकडे

बोलणं कामापर्यंत आलं की प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी छोटा ईमेल पाठवायची सवय लावा. ‘आज आपण काटा-कारकुनाच्या गोष्टीबद्दल बोललो. नोंदणीकृत सिनॉप्सिस सोबत जोडला आहे. पुढच्या शुक्रवारपर्यंत तुम्ही कळवणार आहात.’ एवढंच. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं हरवतं, ईमेल सापडतो.

सही करण्याआधी कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे १९५७ च्या कायद्याच्या, कलम १९ मधल्या काही गोष्टी माहीत हव्यात. हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सही केलेलं असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतर भारतापुरतं. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो संपतो, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. निर्मात्याचा वकील हे सगळं वेगळं लिहितो, म्हणून वाचायचं. २०१२ च्या दुरुस्तीने लेखकाला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या रॉयल्टीचा समान वाटा मागायचा हक्क दिला आहे. तो सोडून देण्याचं कलम करारात दिसलं तर ते काढायला सांगा. स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नमुना करार आहे, कायदेशीर सल्ला मिळतो आणि वाद झाला तर तो सोडवायला समितीही आहे.

मालिकेच्या कामात श्रेय कथा, पटकथा, संवाद असं वेगवेगळं दिलं जातं. तुमचं नाव नेमकं कोणत्या ओळीत आणि कोणत्या भागापासून येणार, ते पहिला भाग लिहिण्याआधी लेखी घ्या. साइनिंग अमाउंट (करार करताना मिळणारी आगाऊ रक्कम) न घेता आठ-दहा भाग लिहून देऊ नका. एकाच भागाचा नमुना मागितला तर द्या, तसं सर्वत्र चालतं.

पायरी ९ : पडद्यामागची भेट

ऑनलाइन ओळखीला वर्षातून एकदा तरी प्रत्यक्ष भेटीची जोड द्या. जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास पिफ, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात गोव्यात इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो आणि त्याच्या जोडीने एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बझार, आताचा वेव्हज फिल्म बझार, जो २००७ पासून चालतो आणि जिथे देशविदेशातले निर्माते नवे प्रकल्प ऐकायलाच आलेले असतात. एनएफडीसीची पटकथा लॅब, म्हणजे निवडक लेखकांची कार्यशाळा, हीही तेव्हापासूनची. अशा ठिकाणी अर्ज करायचा तर सिनॉप्सिस आणि बहुधा पूर्ण पटकथाही इंग्रजीत लागते, म्हणून मंडळात इंग्रजी बरं असणारा एकजण असला की सगळ्यांचं काम होतं. आमच्याकडे ते डब्लिनची मैत्रीण करते आणि बदल्यात आम्ही तिच्या संवादांतली बोली तपासतो.

गोव्याला जाण्याआधी महिनाभर, तिथे येणाऱ्या ऑनलाइन ओळखीच्या लोकांना ‘भेटूया का, पंधरा मिनिटं?’ असं विचारून दिवस आणि वेळ ठरवून ठेवा. तिथे पोचल्यावर कुणालाच वेळ नसतो. भेटलात की पहिल्यांदा त्यांच्या गोष्टीबद्दल विचारा. मी त्या नागपूरच्या मुलाला प्रत्यक्ष भेटलो ते पणजीतच, चार वर्षांच्या ओळखीनंतर. लघुपट तोवर झाला होता आणि आजीचं ते पान ९ वरचं वाक्य त्याने ठेवलं होतं. मी विचारलं, धाकटा भाऊ खरंच नाटक करत होता का? तो म्हणाला, लिहिताना मलाही माहीत नव्हतं, तुझं टिपण वाचून ठरवलं.